फुआतिनो गप्प बसली तेव्हा

"बटण दाब आणि बाहेर जा, मकेरिता. लेकरांशी बोलताना मला तिसरं माणूस नको. आणि माझ्या मातीआधी हे सगळ्यांना ऐकव."

फुआतिनोने हे सांगितलं, ती एक लख्ख सकाळ होती. अंगणात कोंबड्यांचा गोंधळ चालला होता. मकेरिताने मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला मायक्रोफोन जोडला, बटण दाबलं आणि फणसाच्या झाडाखाली जाऊन बसली. त्याच आठवड्यात फुआतिनोला झटका आला आणि तिची वाचा गेली. निरोप ऐकायचं कुणी नाव काढलं नाही. आई असताना कशाला, असं सगळेच म्हणाले.

आज फुआतिनो पुढच्या घरात शवपेटीत निजली होती, भोवती विणलेल्या चटयांची रास. माती संध्याकाळी होती. सकाळीच मकेरिताला तिच्या थोरल्या मुलाचा, अलापातीचा फोन आला.

"काकू, लगेच या. आईचा निरोप बिघडलाय. दुपारच्या बोटीने एतेउआती येतोय, आणि नेमका त्याच्याच नावाशी आवाज गेलाय."

एतेउआती म्हणजे धाकटा, ऑकलंडला राहणारा. घराण्याचं प्रमुखपद देणाऱ्या पदवीवरून भावाशी भांडून गेला तो गेलाच. दोघांत बोलणं नव्हतं.

मागच्या खोलीत येऊन मकेरिताने खुर्चीत बसण्याआधी डोळे मिटून हात जोडले. ती चर्चचा गायनवृंद चालवायची; त्याचं रेकॉर्डिंग करतानाही तिचा हाच नेम होता.

निरोप सुरू झाला. फुआतिनोचा दमेकरी श्वास आधी आला, शीळ घातल्यासारखा. मग शब्द. अलापातीला सांगितलं, जमीन राख, जीभही राख. लुपेला म्हणाली, पोरी, तू माझे हातपाय झालीस. मग, "एतेउआती..." आणि पुढे काहीच नाही. बराच वेळ. शेवटी एकदम प्रार्थना, आणि आमेन.

"मशीन जुनं झालंय," अलापाती म्हणाला.

"मशीन नाही, माणसं बिघडलीत," दारातून पीसा बोलली. ही फुआतिनोची धाकटी बहीण. "अरे, माझी बहीण झोपेतसुद्धा गप्प बसायची नाही. ती मुलाचं नाव घेऊन गप्प बसेल? जमिनीत भावाचा वाटा निघेल म्हणून आईची जीभ कुणी कापली, ते देवाला ठाऊक."

"मावशी, पेटी घरात आहे. शोभतं का हे?"

"मला नाही शोभत. तुला शोभतं?"

"पीसाताई," मकेरिता हळूच म्हणाली, "मला जरा ऐकू द्या."

तिने स्पीकर काढून कानाला हेडफोन लावला. स्पीकर ठीक होता. मायक्रोफोनची वायर सैल असती तर खरखर आली असती. वीज गेली असती तर रेकॉर्डिंग तिथेच संपलं असतं, पुढची प्रार्थना आलीच नसती. कुणी आवाज नुसता बंद केला असता तर तिथे मुकी, मेलेली शांतता असती. इथे तसं नव्हतं. समुद्र होता. भिंतीवरच्या पालीची चुकचुक होती. आणि खूप लांब, अगदी दबलेला, लोखंडावर लोखंडाचा एक टोला होता.

तिने तो पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून ठेवला.

"लुपे, इकडे ये गं."

लुपे दाराशीच उभी होती. फुआतिनोची ही एकुलती लेक. लग्न केलं नाही, आईचं सगळं हिनेच केलं. मकेरिताच्या गायनवृंदात ती गायची, आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून गाण्यांतले खोकले काढून टाकायची.

"या खोलीत कोण येतं?"

"सगळेच येतात, काकू. मुलंसुद्धा."

"एतेउआतीचा फोन कुणाच्या फोनवर यायचा?"

"माझ्या. आईकडे नव्हता ना. पण वर्षभर त्याने केलाच नाही."

"तुझ्याकडे, अलापाती?"

"तो माझ्याशी बोलतो का? तो फोन करणार, आणि मी उचलणार?"

"परवा माझ्याकडे त्याचा फोन आला होता," पीसा म्हणाली. "रडत होता पोर. म्हणाला, मावशी, आईला माझ्याशी बोलायचं नव्हतं, तरी तिचं तोंड बघायला येतो."

मकेरिताने लुपेकडे एकदा पाहिलं.

"संध्याकाळच्या प्रार्थनेला तुम्ही सगळे कुठे असता?"

"हे काय विचारणं झालं?" अलापाती म्हणाला. "मी आमच्या माणसांबरोबर रस्त्यावर उभा असतो, प्रार्थना संपेपर्यंत गाड्या थांबवायला. मावशी पुढच्या घरात प्रार्थना चालवते. मुलं तिच्यासमोर."

"एक जरी पोर हललं तरी कान उपटते मी," पीसा म्हणाली.

"आणि लुपे?"

"लुपे आईजवळ. तिला प्रार्थनेतून सूट होती."

"म्हणजे या भिंतीपलीकडे," मकेरिता म्हणाली. "अलापाती, ते दार लाव बाबा."

त्याने दार लावलं.

"मशीन बिघडलेलं नाही," ती सावकाश सांगू लागली. "माणूस गप्प बसेल, पण फुआतिनोचा श्वास गप्प बसायचा नाही. त्या जागेत तिचा श्वासच नाही. म्हणजे त्या वेळी ती मायक्रोफोनसमोर नव्हतीच. तिचे शब्द काढून तिथे रिकाम्या खोलीचा आवाज बसवलाय. भोक नुसतं सोडलं तर कानाला खटकतं, म्हणून तिथे खोलीचीच शांतता भरायची. हे मीच शिकवलंय, गायनवृंदातल्या एकीला."

लुपेची नजर जमिनीवर होती.

"पण ती शांतता आणायची कुठून? दिवसा बसचा गोंगाट, रात्री कुत्री. आपल्या गावात खरी शांतता एकदाच असते. संध्याकाळी, सगळं गाव आत बसून प्रार्थना करतं तेव्हा. ज्याने केलं त्याने तीच वेळ धरली. प्रार्थना संपल्याचा टोला मात्र त्यात शिरला. आपण रिकाम्या गॅस सिलिंडरवर मारतो ना, तो. जन्मभर ऐकून आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. फुआतिनो बोलली सकाळी. सकाळी तो टोला पडत नाही, आणि तेव्हाच्या कोंबड्या या शांततेत नाहीत."

"लुपे?" अलापातीचा आवाज चिरकला. "तू?"

"त्याचे फोन तुझ्याकडेच यायचे, ते आईला कळू द्यायचं नव्हतं तुला," मकेरिता म्हणाली. "आणि त्याला सांगितलंस की आईला बोलायचं नाही. हो ना, बाळ?"

लुपे खाली चटईवर बसली.

"तो दोन मिनिटं बोलायचा," ती म्हणाली. "मग आठ दिवस आईच्या तोंडी त्याचंच नाव. अंथरूण मी बदलायचे, भरवायचे मी, आणि ती विचारायची, एतेउआती जेवला असेल का? एकदा म्हटलं, फोन नाही आला. ती शांत झोपली. मग रोजच म्हणत गेले. तिची वाचा गेल्यावर मी हे ऐकलं, काकू. त्याने ऐकलं तर सगळं उघडं पडेल, म्हणून... आईला शब्द सुचले नाहीत असं वाटेल, असं वाटलं मला."

"कापलेलं पुसलंस?"

"हात धजला नाही. तिचा आवाज होता."

लुपेने उठून गाण्यांच्या फायलींतली एक फाइल उघडली. शीळ घालणारा श्वास खोलीत आला.

"एतेउआती... वर्ष झालं रे तुझी हाक ऐकून. रागावलास का? माझं चुकलं असेल तर पदर पसरते, माफ कर. लुपेला रोज विचारते, ती नाही म्हणते आणि तोंड फिरवते. माझ्यासाठी तिचा जीव तुटतो. तिचं कुणी नाही. माझ्यामागे तिला अंतर देऊ नकोस."

पीसाने कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला. अलापाती भिंतीकडे वळला. आईने धाकट्या मुलाची माफी मागितली होती, आणि त्याचा अपराध काहीच नव्हता. ते त्याला सांगायला ती आता नव्हती.

"तुझंही नाव होतं त्यात," मकेरिता म्हणाली.

"हो. तेही मीच कापलं."

मकेरिताने फाइल बंद केली. मग लुपेने डोळे पुसले.

"काकू, तो तुकडा जागेवर लावा. सगळ्यांसमोर लावा. पण एतेउआतीने आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं. घरात पाऊल टाकायच्या आधी. वचन देते."

"मी येते बरोबर."

"नको."

"गाडी काढू?" अलापातीने न वळताच विचारलं.

"बसने जाईन, दादा. काय बोलायचं ते जुळवायला हवं."

तिने काळा लावालावा नीट गुंडाळला. पुढच्या घरात बायका भजन म्हणत होत्या. त्यांच्या मागून, कुणाला धक्का न लावता ती अंगणात उतरली आणि बोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे चालू लागली.