तुलनागटातलं विरजण

धामणखेडच्या संशोधन केंद्रातल्या रक्तपरीक्षक यंत्राने शेवटची नळी तपासून संपल्याचं मंजुळ आवाजात जाहीर केलं आणि डॉ. उल्का टिपणीस यांनी पडद्यावरच्या दोन रेषांकडे पाहिलं. दोन्ही रेषा खाली उतरल्या होत्या. एरवी हा पेढे वाटण्याचा प्रसंग. अडचण एवढीच, की एक रेषा उतरायला हवी होती आणि दुसरी जिथल्या तिथे राहायला हवी होती.

"पिंगे," त्या म्हणाल्या, "सगळे बरे झालेत."

संख्याशास्त्रज्ञ भालचंद्र पिंगे चहात बिस्किट बुडवत होते. "सगळे म्हणजे?"

"दहीगटही आणि तुलनागटही."

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. पिंग्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नाही. "मेलो," ते म्हणाले.

लोक बरे झाल्यावर शास्त्रज्ञ मरतात कसे, हे समजण्यासाठी धामणखेडच्या शिशाबद्दल थोडं सांगायला हवं.

गावाच्या वरच्या अंगाला तेजोनिधी उद्योग हा जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना होता. त्याने इतक्या वर्षांत नदीला, मळ्यांना आणि मेथीच्या जुड्यांना सढळ हाताने शिसं वाटलं होतं. पुढे पिण्याचं पाणी लांबच्या धरणातून नळाने आलं, मळे हलले, वर्तमानपत्रांनी प्रश्न सुटल्याचं छापलं. पण शिसं लोकांच्या हाडांत जाऊन बसलं होतं. हाडं ते थोडं थोडं रक्तात सोडत राहिली. मुलं कालचा पाढा आज विसरत, मोठ्यांच्या पोटात पीळ पडे, आणि शाळेतले मास्तर त्या बिचाऱ्या मुलांना आळशी म्हणत.

उल्काबाईंनी त्यावर धातुग्राही जिवाणू तयार केला. मान्यता समितीच्या अध्यक्ष डॉ. दमयंती वाघधरे यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "हा करतो काय, ते माझ्या सुनेला कळेल असं सांगा."

"हाडातलं शिसं रक्तात येतं, रक्तातून पित्तात आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरतं. तिथून बाहेर जायचं सोडून आतडं ते पुन्हा शोषून घेतं. म्हणजे दारापर्यंत गेलेला पाहुणा आपण आग्रहाने परत बसवतो. आमचा जिवाणू आतड्यात दबा धरून असतो. शिसं दिसलं की त्याला मिठी मारतो आणि परत आत जाऊ देत नाही."

"आणि मग त्याचा नाश करतो?"

"नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, पचत नाही, मरत नाही. फक्त पत्ता बदलतं."

"बदलून जातं कुठे?"

"सकाळी बाकीचं जिथे जातं तिथेच."

समितीतल्या दोघांनी पाण्याचे पेले उचलले. डॉ. वाघधरे मात्र हसल्या आणि चाचणीला परवानगी मिळाली.

जिवाणू पोटात न्यायला दह्याइतकं सोपं वाहन नाही. दर महिन्याला घरोघर दही पोचवणं केंद्राच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून एकदाच विरजण द्यायचं आणि पुढे घरच्यांनीच दही लावायचं, असं ठरलं. पिंग्यांनी गटांची वाटणी स्वतः केली होती आणि तिच्या शास्त्रशुद्धतेवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. प्रत्येक आळीत सम क्रमांकाच्या घरांना धातुग्राही विरजण, विषम क्रमांकाच्या घरांना साधं. तोच रस्ता, तीच हवा, तोच भाजीवाला, फरक फक्त विरजणाचा. परदेशी परीक्षकांनी या मांडणीचं कौतुक केलं होतं. त्यांच्यापैकी कुणी आळीत राहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी दोघं तांबटआळीत गेले. सम क्रमांकाच्या घरात यमुनाबाई सोनटक्के राहत. त्यांनी ताक पुढे केलं.

"यमुनाबाई, आम्ही दिलेलं विरजण तुम्ही कुणाला दिलंत का?"

"छे. तुम्ही सांगितलं होतं ना, औषधी आहे, कुणाला द्यायचं नाही."

पिंग्यांनी सुस्कारा सोडला.

"ह्या शेजारच्या शकुंतलेला तेवढं दिलं," यमुनाबाई म्हणाल्या. "ती काय कुणी परकी आहे का? आणि समोरच्या काकूंना. त्यांच्याकडे केळवण होतं. दारात वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला विरजण नाही म्हणायचं? कुठल्या तोंडाने? पण तिन्हीसांजेला नाही हो दिलं कधी. सकाळीच दिलं."

"पण त्यांना आम्ही दिलं होतं की विरजण," पिंगे कळवळून म्हणाले.

"ते? पाणचट लागायचं. तुमचं हे थंडीतसुद्धा असं घट्ट लागतं, सुरीने वड्या पाडाव्यात. शकुंतलेच्या बहिणीने तर सासरी नेलं डब्यातून."

उल्काबाईंना स्वतःचीच चूक दिसली. पोटातल्या आम्लात आणि गर्दीत टिकावा म्हणून त्यांनी जिवाणू दणकट बनवला होता. जो पोटात टिकतो तो दुधात तर राज्यच करणार. तुलनागटातल्या साध्या दह्याच्या नमुन्यांचा जनुकठसा तपासला तेव्हा घरटी धातुग्राही सापडला. पिंग्यांची तुलना आळीतल्या बायकांनी वाटीवाटीने खाऊन टाकली होती.

"यमुनाबाईंना दोष देऊ नका," परतताना उल्काबाई म्हणाल्या. "तुम्ही घरांना क्रमांक दिलेत. त्यांच्या लेखी त्या शेजारणी आहेत."

"मी कुणाला दोष देतोय? मी निवृत्तीनंतर काय करावं याचा विचार करतोय."

"करू नका. लोकांच्या अंगातलं शिसं गेलंय, पिंगे. खरी गोष्ट घडली असेल तर तिने कुठेतरी खूण सोडलेली असणार."

मान्यता समितीपुढच्या सुनावणीचा दिवस मात्र विरुद्ध पक्षाच्या बाजूने उजाडला. त्या दिवशी समितीपुढे दोन प्रकरणं होती. सकाळी धातुग्राही दह्याची मान्यता. ती मिळाली तर नदीकाठच्या बाकीच्या गावांना विरजण जाणार होतं, नाही मिळाली तर केंद्रातला सगळा जिवाणूसाठा नष्ट करायचा होता. दुपारी तेजोनिधी उद्योगाची नगरपालिकेविरुद्ध तक्रार. दोन्हींत कारखान्यातर्फे बोलायला डॉ. सुहास मेढेकर होते. माणूस हुशार, नीटनेटका, आणि घाम न येण्याबद्दल प्रसिद्ध.

"दोन्ही गटांतलं शिसं सारखंच उतरलंय," मेढेकर सकाळी म्हणाले. "म्हणजे दह्याचा संबंध नाही. त्याच वर्षी आम्ही धुराड्याला नवी धूरगाळणी बसवली. हवा स्वच्छ झाली, शरीरात शिसं जाणं थांबलं, रक्तातलं उतरलं. टिपणीसबाईंच्या दह्याबद्दल मला आदर आहे. कढी उत्तम होत असेल."

"तुलनागटाने विरजण मागून नेलं होतं," उल्काबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुलनागट नव्हताच. तुलनागट नाही तर पुरावा नाही. हे मी नाही, तुमचे पिंगेच शिकवतात."

पिंग्यांनी मान डोलावली, कारण ते खरंच तसं शिकवत. डॉ. वाघधऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "जेवणानंतर निर्णय देते," त्या म्हणाल्या. त्यांचा सूर जिवाणूला निरोप देण्याचा होता.

जेवणात कढी होती. उल्काबाईंनी घेतली नाही.

दुपारी मेढेकर पुन्हा उभे राहिले, आता फिर्यादी म्हणून. सामाजिक कार्य म्हणून कारखाना नगरपालिकेच्या मैलाशुद्धीकरणातला गाळ घेऊन त्याचं खत बनवत असे आणि मालकांचा फोटो छापलेल्या पिशव्यांतून बागांना वाटत असे. या खतात अलीकडे शिसं सापडू लागलं होतं. मालकांच्या फोटोखाली शिसं ही गोष्ट कारखान्याला फार लागली होती.

"गाळातलं शिसं चौपट झालंय," मेढेकरांनी पडद्यावर आलेख लावला. "नगरपालिकेने आमच्या खताची वाट लावली. नुकसानभरपाई हवी."

"ते शिसं तुमच्याच कारखान्यातून नाही ना आलं?" डॉ. वाघधऱ्यांनी विचारलं.

मेढेकर या प्रश्नाची वाटच पाहत होते. "मुळीच नाही. आमचं सांडपाणी या गटारात येत नाही, आपणच ते दोनदा तपासलंय. नळाचं पाणी शुद्ध आहे. गावात दुसरा उद्योग नाही. एकेक शक्यता वगळत गेलो, अध्यक्षबाई. हे शिसं नागरिकांच्या शरीरातून बाहेर पडतंय. दुसरा मार्गच नाही."

उल्काबाई हळूच ताठ बसल्या. "मी विचारू का काही?"

"विचारा."

"डॉक्टर, हे वाढायला कधी लागलं?"

"गेल्या संक्रांतीनंतर."

"विरजण आम्ही संक्रांतीला दिलं. बरं, सकाळी आपण म्हणालात, धूरगाळणीमुळे शरीरात शिसं जाणं थांबलं. आत जाणं कमी झालं तर बाहेर येणंही कमी व्हायला हवं. मग चौपट कसं?"

मेढेकरांनी आलेखाकडे पाहिलं. आलेख त्यांचाच होता, त्यामुळे त्याच्यावर शंका घेणं अवघड होतं. "शरीराची काहीतरी... हवा स्वच्छ झाल्यावर शरीर आपोआप साठा सोडत असेल."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं नाही," मेढेकर आता सावरले. "दोष नगरपालिकेच्या हद्दीतल्या लोकांचाच आहे, हे मला दाखवता येईल. आमच्या अधिकारी वसाहतीची मैलाटाकी वेगळी आहे. तीच हवा, तीच गाळणी, तेच नळाचं पाणी, तोच बाजार. माणसंही गावात तितकीच वर्षं राहिलेली. आणि त्या टाकीत शिसं रतिभरही वाढलेलं नाही." त्यांनी दुसरा आलेख लावला. आडवी, सरळ, निर्मळ रेषा.

पिंगे खुर्चीतून उठले आणि देवळात उभं राहावं तसे त्या रेषेसमोर उभे राहिले. "बाई," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हा तुलनागट आहे."

"डॉक्टर," उल्काबाईंनी विचारलं, "वसाहतीत दही कुठलं खाता?"

"पॅकबंद. का?"

"शेजारून विरजण नाही आणत?"

"आमच्याकडे तशी पद्धत नाही. मुख्य व्यवस्थापकांच्या घरून कुणी उपव्यवस्थापकाच्या दारी वाटी पाठवत नाही. आणि खालच्यांनी वर मागायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं.

"म्हणजे गावातलं हाडांतलं शिसं दह्यावाटे गटारात गेलं," डॉ. वाघधरे सावकाश म्हणाल्या, "आणि वसाहतीतलं अजून हाडांतच आहे."

"हा एक योगायोगही असू शकतो," मेढेकर म्हणाले.

"असू शकतो. म्हणून घाई करायची नाही. गाळाचं काय करायचं ते आता सोपं आहे. शिसं सगळ्या गावाच्या हाडांतून शोधण्यापेक्षा एका टाकीतून काढणं बरं, आणि वितळवायची भट्टी तुमच्याकडेच आहे. तुमचं शिसं तुम्ही परत घ्या. राहिला दह्याचा प्रश्न." त्यांनी चष्मा नीट बसवला. "पक्का पुरावा हवा तर तुलनागट आणखी वर्षभर तसाच राखावा लागेल. धामणखेडात आता या दह्याचा स्पर्श न झालेली अशी तुमची वसाहतच उरली. वर्षभर त्या घरांत धातुग्राही दही जाऊ द्यायचं नाही. मोठ्यांच्या पोटात नाही आणि मुलांच्याही नाही. तुमच्या मते दह्याने काही होतच नाही, तेव्हा हरकत नसावी. रहिवासी आणि कारखान्याचे तज्ज्ञ म्हणून संमती द्या."

मेढेकरांनी रुमाल काढला. त्यांना घाम आलेला पाहणारे त्या सभागृहातले लोक पुढे बरीच वर्षं ही गोष्ट सांगत.

"माझी मुलगी तिसरीत आहे," ते म्हणाले.

"हो. मग?"

"तिला पाढे राहत नाहीत."

डॉ. वाघधऱ्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी थोड्या मऊ आवाजात. "संमती आहे का, डॉक्टर?"

मेढेकरांनी आपल्या सरळ रेषेकडे पाहिलं. शास्त्राच्या दृष्टीने ती अतिशय सुंदर होती.

"नाही," ते म्हणाले.

डॉ. वाघधरे लेखनिकाकडे वळल्या. "लिहून घ्या. कारखान्याच्या तज्ज्ञांनी दह्याची परिणामकारकता मान्य केली."