उघड्या डोक्यानं

रुपालीनं कोरड्या डोळ्यांनी अंगठी तबकात ठेवली, याचंच जमलेल्या पाहुण्यांना नवल वाटलं... साखरपुडा मोडणाऱ्या मुलीनं निदान डोळे तरी पुसावेत!

"तिला म्हणावं, अंगठीची डबी बी ठेव," हिंमतराव बायकोला, इंदुबाईंना म्हणाले.

लेक दोन हातांवर बसली होती, तरी निरोप आईमार्फत. लग्न मोडते म्हटल्यापासून तात्या, तिचे वडील, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. वारज्यातली भावकी हसत होती. हिंजवडीची नोकरी पोरीच्या डोक्यात गेली म्हणे! रुपालीनं नोकरीवरचा हा आळ तसाच राहू दिला. खरं कारण सांगितलं तर तात्यांची ती कडक इस्त्रीची पांढरी टोपी, गावच्या प्रत्येक बैठकीत ताठ असणारी, कायमची खाली येईल, या विचारानंच तिचं काळीज पिळवटून निघे.

खरं कारण समोरच्या सोफ्यावर बसलं होतं. आमोद. साखरपुड्यानंतर त्यानं हट्ट धरला, म्हणून तिनं विश्वासानं आपले काही खासगी फोटो त्याला पाठवले होते. मग तो तिच्या फोनचा पासवर्ड मागू लागला, रोज कुठे जातेस त्याचा हिशेब मागू लागला, आणि तिनं लग्नाला नकार दिला तेव्हा मेसेज आला, 'मोडून तर बघ. फोटो तुझ्या भावकीच्या ग्रुपवर.'

त्या संध्याकाळी ती नळ सोडून रडली... आणि मग तोंड धुऊन कामाला लागली. धमकीचे मेसेज तिनं पुसले नाहीत, जपून ठेवले. फोटो कुणालाही न पाठवता आपल्याच फोनवर त्यांचा डिजिटल ठसा काढून देणारी एक सेवा तिनं शोधली. तो ठसा नोंदवला की काही मोठ्या संकेतस्थळांवर तेच चित्र चढवताना ओळखून अडवता येतं. त्यानं सगळंच अडेल असं नाही, हेही तिला ठाऊक होतं. सायबर पोलिसांसाठी तक्रार लिहून तयार होती. फक्त ठाण्याकडे पाऊल उचलत नव्हतं. तात्यांसाठी!

"झालं ना सगळं परत?" आमोदचे वडील साईनाथराव उठू लागले.

"एक राहिलं," आमोद हसला. त्यानं फोन उघडून टीपॉयवर हिंमतरावांपुढे सरकवला. "काका, लेकीचे गुण बघून घ्या. मग ठरवा, लग्न मोडायचं, की कात्रजला आमच्या पाया पडायला यायचं!"

"तात्या, बघू नका!" रुपाली ताडकन उठली. "फोटो माझेच आहेत. मी पाठवले होते, फक्त याला. गुन्हा यानं केलाय, मी नाही!"

हिंमतरावांचा हात डोक्याकडे गेला. टोपी निघाली... इंदुबाईंनी तोंडाला पदर लावला. आता हा मानी माणूस ती आमोदच्या पायांवर ठेवणार! रुपालीनं डोळे घट्ट मिटले.

उघडले, तेव्हा टोपी फोनवर पालथी होती. तात्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. त्यांची नजर आमोदवर होती.

"माझ्या लेकीची अब्रू झाकायला येवढी बास हाय," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसती मिरवली. आज कामाला आली."

आमोदनं फोनकडे हात टाकला, तोच त्याच्याच बापानं त्याचं मनगट धरलं. "राहू दे तिथंच," साईनाथराव मान खाली घालून पुटपुटले. "पोलीस उचलतील."

"रुपा..."

किती दिवसांनी तात्यांची ही हाक! रुपालीचे इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे भरून वाहू लागले.

"मला का न्हाई सांगितलंस, पोरी?"

"तुमची मान खाली जाईल म्हणून, तात्या..."

"आन् मी बोलत का नव्हतो? लेकीनं मनातलं सांगण्याजोगा बाप मी ठरलो न्हाई, म्हणून!" ते उठले. "चल. ठाण्यात जाऊ."

"अहो, मी सांगू का तिला?" इंदुबाई रडता रडता हसल्या. "सवयच लागलीय निरोपांची! जा तुम्ही. मी बसते टोपीपाशी. बघते कोण हात लावतो."

वारज्याच्या भर चौकातून हिंमतराव आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोक्यानं चालत गेले. ओळखीच्यांनी चमकून पाहिलं. त्यांनी सगळ्यांना रामराम घातला.

ठाण्यात टेबलामागच्या बाईंनी सवयीनं त्यांच्याकडेच पाहिलं. "नाव? तक्रार काय?"

"तिला इचारा," हिंमतराव म्हणाले. "तक्रार तिची हाय. मी तिचा बाप."

आणि समोर खुर्ची असूनही ते लेकीच्या शेजारी ताठ उभे राहिले... तिनं अगदी स्पष्ट आवाजात आपलं नाव सांगेपर्यंत.