फटीत गेलेलं दूध

दापोड्याला गोदामामागं भूपेशची नवी कॅम्पर गाडी उभी व्हती. गाडी जुन्या टेम्पोचीच, पण आत पलंग, शेगडी, नळ, सगळा संसार. संध्याकाळी बाळाचं जावळ काढायला कार्ल्याच्या एकवीरेला निघायचं व्हतं.

"चाकं हायेत म्हणून काय झालं? घर ते घर," भूपेशची आई गोदूबाई बोलली. "दूध उतू घातल्याबिगर पोराला आत झोपवायचं न्हाय."

सून मेघालीनं टोप चढवला. दूध वर आलं, उतू गेलं... आन् ओट्यावरून पाझरत थेट पलंगाच्या पेटीमागं. पेटी आन् पत्र्याच्या मधी एवढीशी फट. हात जाईना, वाकून दिसंना.

"झालं! आता हे नासणार, आन् वास पोराच्या उशाला," मेघाली करवादली. काठीला फडकं गुंडाळून ती पलंगावर पालथी पडली.

गोदूबाईचे हात शिवशिवायला लागले. नवऱ्याच्या बाराव्याला खिडकीमागनं त्याच्याच आवाजात चहा मागितलेली बाई ती! गुपचूप खाली उतरली, गाडीला वळसा घातला आन् बाहेरून पत्र्यावर नखं ओढली. खर्र... खर्र...

आत मेघाली किंचाळली. गोदूबाईनं तोंडात पदर कोंबला.

"आई, तुमीच ना? आता या आन् तुमीच पुसा!" मेघाली तणतणत बाळाकडं गेली.

गोदूबाई हसत हसत आत चढली. जुन्या हिरव्या लुगड्याची लांब चिंधी फाडली, काठीला बांधली, फटीत सारली. भिजून आली. पिळली, परत सारली.

काठी अडकली. कुणी धरल्यावानी.

जोर लावला तशी काठी आली. चिंधी न्हाय.

"कोण हाय गं?"

आतून पाणी गळाल्याचा आवाज आला. कापड पिळताना पडतं ना, तसं. सावकाश. मग पत्र्यावरून फडकं फिरायला लागलं... सरक... सरक... सवयीचा हात व्हता. दुधाचा वास कमी कमी होत गेला आन् त्याच्या जागी शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीतला.

गोदूबाईनं मोबाईलची बत्ती लावून फटीत बघितलं. पत्रा कोरडा, लख्ख. चिंधीचा पत्ता न्हाय.

"भूपेश, त्या फटीत बाई हाय," ती धापा टाकत बोलली. "पोराला न्यू नको."

"बाई का? मग बाबांसारखी चहा मागते का गं?"

मेघाली तर पोट धरून हसली. "बघा ना, डोळ्यांत पाणी पण आणलंत! काय नाटक आई तुमचं!"

जन्मभर खोट्या हाका मारल्यावर खरी हाक कोण ऐकतो? निघताना गोदूबाई मागं पलंगावर चढली आन् फटीला पाठ लावून आडवी झाली. मधी आपण, पलीकडं बाळ. नवरा-बायको पुढं केबिनमधी.

मानकोलीचा नाका मागं पडला. बाळ रडायला लागलं. तिनं थोपटलं, गाणं म्हटलं. रडणं थांबंना. थोपटता थोपटता कधी डोळा लागला, तिलाच कळलं न्हाय.

जागी झाली ती शांततेनं. बाळ झोपलेलं. धुरीचा वास... आन् पोटावर कायतरी गार, ओलं.

हिरवी चिंधी व्हती. धुतलेली, पिळलेली. एक टोक बाळाच्या मनगटाला सैल गाठ मारून बांधलेलं. तिथनं चिंधी तिच्या पोटावरून, पाठीमागं... फटीत.

"भूपेश! थांबव गाडी! भूपेश..."

केबिनमधी हसू फुटलं. "आईचं सुरू झालं परत," भूपेश बोलला.

"ओरडू नका हो आई," मेघाली बोलली, "आत्ताच निजलाय ना तो?"

गोदूबाई गाठ सोडायला वळली. तेवढ्यात चिंधी ताणली गेली, सैल झाली. परत ताणली. बाळाचा इवला हात वर जात व्हता, खाली येत व्हता... घरातलं काम उरकता उरकता बाईनं पाळण्याची दोरी ओढावी, तसा.