टुंड्रातलं आळं

माणदेशात झाड लावलं की आधी त्याला आळं करतात. बुंध्याभोवती गोल खळगा आणि कडेनं मातीचा बांध, म्हणजे घातलेलं पाणी वाहून जात नाही. आटपाडीच्या शर्वाणीला हे कळत्या वयापासून ठाऊक होतं. म्हणून २०७१ च्या उन्हाळ्यात आत्याकडे टुंड्रात (उंच झाडं वाढत नाहीत अशा ध्रुवाकडच्या थंड माळरानात) गेल्यावर तिनं एका झाडाला मायेनं आळं केलं. आळ्यात आपोआप पाणी साचलं. आणि पाण्यात उभं असलेलं ते झाड पिवळं पडू लागलं. असं का व्हावं?

झाड साधंसुधं नव्हतं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असते, तिचं हे ध्रुवाकडचं भावंड. वय शंभरीपार, उंची शर्वाणीच्या घोट्याएवढी. शर्वाणीचे आतोबा जन्मभर या एका झाडाचा अभ्यास करत होते. गेल्या हिवाळ्यात ते वारले. वनस्पतिशास्त्रज्ञ असलेली मंजिरीआत्या तेव्हापासून रोज थोडा वेळ त्या झाडाजवळ बसायची. मध्ये काही दिवस ती दूरच्या तळावर गेली होती. ती परत येईपर्यंत झाड टवटवीत करून ठेवायचं, एवढाच शर्वाणीचा बेत होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

परतल्यावर आत्यानं आळं पाहिलं आणि वाकून एकेक पिवळं पान उलटून पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं शर्वाणीला वाटलं. पण आत्या रागावली नाही. तिनं गोगलला हाक मारली. गोगल म्हणजे आत्याच्या संशोधन केंद्रातला सरपटणारा छोटा यंत्रमानव. त्यानं आळ्याच्या चिखलात लांब सुई खुपसली.

"पाणी काठोकाठ. प्राणवायू जवळजवळ नाही," तो म्हणाला.

आत्यानं शर्वाणीला जवळ घेतलं. मुळं पाणी पितात हे आपण जाणतो, पण ती श्वासही घेतात, हे विसरतो, असं ती म्हणाली. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते. त्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात आणि मग समोर पाणी असूनही त्यांना ते पिता येत नाही.

शर्वाणीनं विचारलं, की मग आटपाडीत झाडं का गुदमरत नाहीत? पाऊस तर दोन्हीकडे बेताचाच.

आत्यानं तिला सुई स्वतः खुपसायला लावली. हातभर खोलीवर ती टणकन अडली. खाली नित्यगोठण होती (वर्षानुवर्षं न वितळणारी जमीन). आटपाडीत आळ्यातलं पाणी खोल मुरतं, इथं ते त्या गोठलेल्या तळावर अडून राहतं. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा पातळ थर, आणि सगळी झाडं तेवढ्यात जगतात. म्हणून इथं वीतभर उंचसखलपणानं सगळं बदलतं. उंचवट्यावर पाणी निथळतं, तिथं वाळुंज आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. खोलगट जागी कापूसगवत. त्याच्या आत कमळाच्या देठासारख्या पोकळ नळ्या असतात, त्यांतून ते मुळांपर्यंत हवा पोहोचवतं. वाळुंजेच्या या झाडाला तशी सोय नाही.

"आणि खणताना वरचं शेवाळ काढलंस ना?" आत्यानं विचारलं. "ते या जमिनीचं पांघरूण. खालची थंडी ते राखतं. ते गेलं, ऊन आत शिरलं, मातीतला बर्फ वितळला, जमीन खचली. तू केलंस त्यापेक्षा हे आळं आता मोठं आहे."

शर्वाणीनं पाहिलं. खरंच मोठं झालं होतं. तिला रडू कोसळलं. आतोबांचं झाड आपण मारलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. चर खणून पाणी काढून देऊ, असंही तिनं सुचवलं. आत्यानं मान हलवली. चर खणला की तिथलाही बर्फ वितळणार. मग दोघींनी बांधाची माती हातांनी आळ्यात परत भरली आणि बाजूला टाकलेलं शेवाळ त्यावर पसरून हलकेच दाबलं. याहून जास्त करण्यासारखं काही नव्हतं.

"जगेल का गं?"

"माहीत नाही," आत्या म्हणाली.

हिवाळा गेला. जूनमध्ये आटपाडीला गोगलनं टिपलेली चित्रं आली. आळ्याच्या बाजूच्या फांद्या काळ्या पडल्या होत्या. उंचवट्यावर टेकलेल्या एका फांदीला मात्र नवी मुळं फुटली होती, आणि तिच्यावर लवदार, राखाडी तुरे आले होते. शर्वाणीनं ते चित्र आईला दाखवलं, बाबांना दाखवलं, आणि मग एकटीच बराच वेळ पाहत बसली.

पुढच्या चित्रांत माळरानावर गोल, पाण्यानं भरलेले खळगे दिसत होते. तिनं घाबरून आत्याला फोन लावला.

"आत्या, हे मी नाही केलेले."

"ठाऊक आहे मला. हवा तापली की जमीन अशी आपोआप खचते. कुणी कुदळ न लावता."

"मग हवा कुणी तापवली?"

"माणसांनी. तुझ्यासारखंच, परिणाम न कळता सुरुवात केली, आणि कळल्यावरही थांबायला फार उशीर लावला."

कुठल्या खळग्याच्या काठावर अजून शेवाळ आहे, ते शर्वाणी चित्रात बोट फिरवून पाहू लागली.

"आत्या, मी सुटीत येते," ती म्हणाली. "जे खळगे लहान आहेत, ते आधी शेवाळानं झाकू."