मधल्या रेषेची राख

आमच्या हिलालभाऊंचं एक वागणं मला जन्मभर पटलं नाही.

माणसाने जिथलं काम तिथे ठेवून घरी यावं. हे यायचेच नाहीत. ताट झाकलेलं, बायको दाराशी, आणि हे कबड्डीच्या मैदानात. जिवंत होते तोवर तसंच. आणि मेल्यावरही...

तसंच.

ही रचलेली गोष्ट नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला गोष्टी रचता येत नाहीत आणि रचणाऱ्यांचं तोंड मला बघवत नाही. धरणगावाजवळचं आमचं गाव. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. रात्र नव्हती. उतरती दुपार होती, अंगावर ऊन होतं, आणि सगळं गाव बघत होतं. ज्याला खोटं वाटतं त्याने गावात येऊन विचारावं.

गाव सांगणार नाही, ते वेगळं.

हिलालभाऊ माझे धाकटे दीर. गावच्या कबड्डी संघाचे जुने कप्तान. आणि कबड्डीचं वेड मलाही होतं, लपवत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी गाडीत बसवून सामना दाखवला, तेव्हापासूनचं. मारुतीच्या पारावर माझी जागा ठरलेली. बायका नाकं मुरडायच्या. मुरडोत. कोणता गडी कोणत्या पायावर वळतो, कोण पकडीच्या वेळी मागे सरतो, ते मला पारावरून दिसायचं.

एके काळी आमचा संघ असा होता की दोंडाईच्याचे गडीसुद्धा आमच्या मैदानात हात जोडून उतरायचे. आखाजीच्या सामन्याची ढाल आमच्याच मारुतीच्या देवळात टांगलेली.

मग संघ मोडला.

दोघं सुरतेला गेले, कापडाच्या कारखान्यात. एक धुळ्याला पोलिसात लागला. मगनचा गुडघा गेला. ढाल दोंडाईच्याला गेली, ती गेलीच.

हिलालभाऊंनी नवा संघ बांधायला घेतला. बांधायला म्हणजे काय, मिसरूड न फुटलेली पोरं गोळा केली. त्यात त्यांचा स्वतःचा छगन. पोरं हरायची. धरणगावला हरली, अमळनेरला हरली. एकदा लग्नाला आलेल्या वऱ्हाडाशी खेळली, तिथेही हरली.

"हिलालभाऊ," मी म्हणायची, "हा संघ आहे का कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या?"

"वहिनी, अजून दोन वर्षं द्या."

"दोन वर्षं तुम्ही सहा वर्षांपासून मागताय."

"बठ्ठं व्हई जाई, वहिनी." सगळं होईल म्हणायचे. आणि हसायचे.

आणि मी पुढच्या आखाजीला परत पारावर.

सत्त्याऐंशीची दिवाळी झाली होती. कापसाची वेचणी चालू होती. संध्याकाळी हिलालभाऊ पोरांना दम धरायला शिकवत होते. ते कबड्डी म्हणायचे नाहीत. जुनं हुतूतूच म्हणायचे. "कबड्डी म्हणताना तोंड उघडतं, दम सांडतो. हुतूतू ओठांत राहतं," असं त्यांचं म्हणणं.

चढाईवर गेले. तिघा पोरांना शिवले. वळले. मधल्या रेषेकडे झेप घेतली...

उठले नाहीत.

हात पुढे पसरलेला. रेषेपासून वीतभर मागे.

मी पारावरून पाहिलं. वाटलं, उठतील आता. चेष्टा करतायत. पोरं हसतही होती.

वच्छलाबाई, त्यांची बायको, माझी जाऊ, ती रडली. मी नाही. मी तिला धरून बसले आणि त्या वीतभर जागेकडे बघत राहिले.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. आमच्या मैदानाच्या रेषा चुन्याने मारत नाहीत. अंग खरचटलं की चुना झोंबतो. आम्ही चुलीची राख चाळून रेषा मारतो. घराघरांतून सूपभर राख जाते.

तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडायला गेले. हिलालभाऊंची राख तापीत सोडली. सगळी सोडली, असं आम्हाला सांगितलं.

त्यानंतर पोरं जिंकायला लागली.

बाहेरगावी हरायची. पण घरच्या मैदानात... जिंकायची. समोरचे गडी आमच्या मैदानात आले की मध्येच थबकायचे. मागे बघायचे.

मला बरं वाटलं. का वाटू नये? इतक्या वर्षांनी ढाल दिसायला लागली होती.

पण मग मला रेषा दिसली.

बाकीच्या रेषा रोज नव्याने माराव्या लागायच्या. पाय घासायचे, वारा यायचा, बकऱ्या जायच्या. मधली रेषा मात्र होती तशीच...

पांढरी. सरळ.

"छगन, ही मधली रेषा कोण मारतं रे?"

"कोन्ही मारेल नही शे, मोठी माय." कोणी मारलेलीच नाही म्हणाला. आणि खाली बघायला लागला.

चैत्रात एका दुपारी मी पारावर चिंच फोडत बसले होते. गाव झोपलेलं. मैदानात चिटपाखरू नाही.

आणि...

हु तू तू तू तू तू...

बारीक. ओठातल्या ओठात.

मी वर पाहिलं. कोणी नाही. एक कुत्रं मैदानाच्या कडेने चाललं होतं. कडेनेच. मध्ये पाय टाकत नव्हतं.

आवाज रेषेच्या जवळ आला. अगदी जवळ. तिथेच राहिला. मी वाट बघितली. माणसाचा दम कुठेतरी तुटतो. हा तुटत नव्हता.

मी चिंच सुपात भरली आणि घरी आले. भीती वाटली का? नाही. काहीच वाटलं नाही. हात तेवढे गार पडले होते.

आखाजी आली.

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. सांजोऱ्या, आमरस करतात, विस्तवावर पितरांचा घास टाकतात. त्या वर्षी सासऱ्यांची घागर, सासूची, माझ्या मालकांची, आणि हिलालभाऊंची. त्यांची पहिलीच. मी स्वतः काठोकाठ भरली.

सांजोऱ्या तळून झाल्या. नैवेद्य दाखवायला गेले, डांगर उचललं...

घागर रिकामी.

खाली जमीन कोरडी.

"अक्का, गळकी असंल," वच्छलाबाई म्हणाली.

मी घागर उचलून उन्हाकडे धरली. एक तडा नाही. परत भरली. विस्तवावर घास टाकून मागे वळले, तर परत रिकामी. बाकीच्या तिन्ही घागरी भरलेल्या.

छगन दारात उभा होता. त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"मोठी माय... मूठभर राख मी ठेवी लिन्ही होती."

"कोणती राख?"

"बाबांची. ते म्हणायचे ना, मला मैदानातून हलवू नका. मी मधल्या रेषेत टाकली."

वच्छलाबाईने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अरे, माणसाला नदीला लावतात," मी म्हटलं. "लोकांच्या पायाखाली घालतात का? आज तू खेळायचं नाही. आधी ती माती उकरायची."

पण बाहेर डफ वाजायला लागला होता. दोंडाईच्याचे आले होते.

"मोठी माय, आज ढाल शे," एवढं बोलून पोरगा गेला.

मी हिलालभाऊंची घागर तिसऱ्यांदा भरली आणि कमरेवर घेतली. म्हटलं, घरात प्यायचं नसेल तर तिथे प्या. आणि पारावर जाऊन बसले.

सामना काय सांगू! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तोच तो सामना. आमच्या पऱ्हाट्या दोंडाईच्याच्या बैलांना भिडल्या होत्या. शेवटी गुण सारखे. एकच चढाई राहिलेली.

चढाईला छगन.

कबड्डी कबड्डी करत गेला. एकाला शिवला. मग दुसऱ्याला. तिसऱ्याच्या पायाला हात लावला आणि वळला. मारुतीचा पार हादरत होता, सगळे उभे राहून ओरडत होते. मीही ओरडत होते.

तेवढ्यात छगनचा आवाज बदलला.

कबड्डी नाही...

हु तू तू तू तू तू...

दोंडाईच्याचा एक दांडगा गडी त्याच्या कमरेला हात घालणार होता. त्याने हात मागे घेतला. तो हात आपल्या मांडीला पुसत मागे मागे गेला. बाकीचेही सरकले.

छगनने झेप घेतली.

पडला.

हात पुढे पसरलेला. रेषेपासून वीतभर मागे.

त्याला कोणी धरलेलं नव्हतं. अंगाला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं. बोटं मातीत रुतत होती, पण हात पुढे सरकत नव्हता.

"टेक! छगन, हात टेक!" सगळं गाव ओरडत होतं.

हु तू तू तू तू...

मग गाव ओरडायचं थांबलं. पंचाची शिट्टी ओठात होती, वाजत नव्हती. दम सुटल्याशिवाय गडी बाद देता येत नाही. आणि दम सुटत नव्हता. मी छगनचं तोंड बघितलं. ओठ मिटलेले होते. जांभळे पडले होते. तरी आवाज...

चालूच.

"अक्का!" वच्छलाबाईने माझा दंड धरला. "मना पोऱ्या वं, अक्का!"

वीतभर. वीतभर हात गेला असता तर ढाल आमची.

मी घागर उचलली आणि पारावरून उतरले.

आमच्या मैदानात सामना चालू असताना बाईने पाय टाकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पाठीमागून लोक ओरडले.

"वहिनी, बाहेर व्हा! सामना जाईल!"

"मोठी माय, ढाल! ढाल जाईल!"

मी मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिले. वैशाखातली माती तव्यासारखी असते. पण ती रेषा... गार होती. चपलेतून तळपायाला लागत होती. मी पायाने घासली. पुसेना. परत घासली. तशीच पांढरी.

मग मी घागर तिच्यावर उपडी केली.

इतकं पाणी पडलं. चिखल झाला नाही. ओघळ गेला नाही. माती ते पीत गेली, पीत गेली... आणि शेवटचा थेंब पडला तेव्हा रेषा नव्हती.

आवाजही नव्हता.

छगनने श्वास घेतला. तो श्वास मी अजून ऐकते. विहिरीत पडलेली बादली वर ओढावी तसा. वच्छलाबाई धावली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं.

मग पंचाची शिट्टी वाजली. बाहेरचं माणूस मैदानात, रेषा पुसलेली. सामना दोंडाईच्याला.

ढाल गाडीत घालून ते निघून गेले. उजेड होता तोवर आम्ही मधली माती हातभर खोल उकरली आणि तापीत सोडली. मी स्वतः गाडीत बसून गेले, आणि टोपलं स्वतः उपडं केलं. या वेळी कोणाच्या सांगण्यावर ठेवलं नाही.

गाव माझ्याशी वर्षभर बोललं नाही. न बोलो. छगन आज धुळ्याला आहे, दोन पोरांचा बाप आहे, चांगला धडधाकट आहे. कबड्डी परत खेळला नाही. त्या चढाईतलं त्याला काही आठवत नाही. "कोणीतरी पाठीवर होतं," एवढंच एकदा म्हणाला. नंतर तेही म्हणेना.

संघ पुढे सुधारला. नवी पोरं आली, जिंकलीसुद्धा. ढाल मात्र परत आली नाही. मी पारावर जाऊन बसायची. गडी पकडला तरी मला काही नाही, सुटला तरी काही नाही. लोक उठून ओरडायचे, मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. मग जायचं सोडलं.

आखाजीला घागरी भरते. हिलालभाऊंची आता रिकामी होत नाही.

चार बोटं कमी होते, एवढंच.

यंदाही झाली. दुपारी जेवणं उरकली होती. वच्छलाबाई आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. म्हातारी झाली, पण एक ताट झाकून ठेवायची सवय गेलेली नाही. मी ओसरीत बसले होते. वारा नव्हता. समोरच्या निंबाचं पान हलत नव्हतं. अंगणात...

हु तू तू तू तू...

मैदानातून नाही. आमच्या अंगणातून.

जन्मभर ज्याची वाट बघितली तो माणूस शेवटी घरी आला होता.

आवाज पायऱ्यांपाशी आला. वर चढला. उंबऱ्याच्या अलीकडे थांबला. किती अलीकडे ते मला बघावं लागलं नाही.

वीतभर.

आत वच्छलाबाई कूस बदलत होती. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी आवाज चढवला नाही. उठले, उंबऱ्यात उभी राहिले, आणि रिकाम्या ओसरीकडे बघून म्हटलं,

"हिलालभाऊ, सामना आपण हरलो. तुम्ही बाद. बाहेर बसा."