तिची पावलं जोडली त्या दिवशी

कुणाला थाप वाटली तर खुशाल वाटू द्या. सारिका माझी मावसबहीण. भुताखेतांचं नाव काढलं की हसून उडवणारी बाई होती ती.

होती...

गेल्या पौषातली गोष्ट. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतात उत्खनन चालू होतं. सारिका जुन्या हाडांची अभ्यासक. हजारो वर्षांपूर्वीच्या घराच्या जमिनीखाली तिला एका बाईचा सांगाडा मिळाला.

दोन्ही पाय घोट्यापासून तोडलेले.

"नरबळी आहे हा," सारिका ठामपणे म्हणाली.

सांगाड्याच्या कुशीला तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी होती. आत तान्ह्या बाळाची हाडं. ती मडकी सकाळीच तपासणीला पुण्याला रवाना झाली.

दुपारी उंबऱ्याजवळ एक गाडगं निघालं. त्यात पावलांची हाडं!

सारिका हरखली. फोटोसाठी तिने ती सांगाड्याच्या नडग्यांना जोडून मांडली. अगदी चपखल बसली.

मातीचं घमेलं उचलणारी चांगुणाबाई मागे सरली. "ताई, काऊन जोडून राह्यल्या वं? मेलेलीले चालती करता काय?"

"फोटोपुरतं हाय, काकू!" सारिका हसली.

दिवस कलला. ती गावातल्या खोलीवर आली. तिची चार वर्षांची लेक आशू अंगणात खेळत होती. सारिका चहा टाकायला आत गेली.

थप्...

अनवाणी टाच आपटल्यासारखा आवाज.

थप्... थप्...

मग आशूचं खुदकन हसणं.

मग काहीच नाही...

अंगण रिकामं होतं. धुळीत आशूच्या इवल्या पावलांशेजारी मोठी पावलं उमटली होती. शेताकडे जाणारी.

सारिका ऊर फुटेस्तोवर धावली. "आशू! माय माही, कुठी हायेस वं!"

आशू खड्ड्यात सापडली. बाळाची मडकी जिथून काढली, त्या खळग्यात मुटकुळं करून निजलेली. अंग गारठलेलं. श्वास चालू होता, देवाची कृपा.

"त्या बाईनं मले निजवलं," ती पुटपुटली. "आई, तिचं बाळ कुठी नेलं?"

सारिकाला उमगलं. बळीबिळी काही नव्हतंच. मेलेली आई बाळाला सोडून कुठे जाऊ नये, घरातच राहावी, म्हणून घरच्यांनीच तिचे पाय काढले असतील. आणि आपण बाळ नेलं, वर तिला पाय दिले!

पावलं वेगळी करायला ती वाकली...

सांगाडा तसाच होता. पावलं नव्हती.

आता सारिका खामगावला राहते. मडकी परत द्या म्हणून रोज पुण्याला फोन करते, रडते, हातापाया पडते. तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर मिळतं.

परवा मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. दिवेलागण झाली आणि दाराबाहेर...

थप्... थप्...

मी कडी पाहिली. लावलेली होती. तरी मी दारापासून मागे सरलो, खोटं कशाला सांगू?

सारिकाने आशूला छातीशी आवळलं. "आणते वं माय, तुहं लेकरू आणते. आजचा दिवस माहं लेकरू माह्यापाशी राहू दे!"

आणि आशू... आईच्या मिठीतून दाराकडे हात पसरत होती.