शकुनबाईंचा टाहो

शकुनबाई नाकाडे सकाळी अंगण झाडून आत आल्या की भिंतीवरची मदतपेटी पदराने पुसून घेत. डोमाजी, त्यांचे यजमान, त्यावरून त्यांना चिडवत. देवाची मूर्ती कधी इतक्या प्रेमाने पुसली नाही, म्हणत. पण बाईंना त्या पेटीचा अभिमान होता. ती घडवण्यात आपलाही हातभार लागला, असं त्या गावभर सांगत.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत घराघरांत आता अशी पेटी होती. तिच्यासमोर नुसती हाक मारायची, की चालकाविना धावणारी रुग्णवाहिका दारात हजर. सुरुवातीला लोकांनी तिचा पार चोथा केला. उचकी लागली तरी 'मेलो मेलो' म्हणून गळा काढायचे, आणि खरा रोगी तिकडे तळमळत पडायचा. मग पेटीत गाळणी बसवली. आवाजातला कंप, श्वासाची लय, स्वराची उंची जोखून ती खरं दुःख कुठलं आणि सोंग कुठलं ते ठरवी, आणि सोंगाची हाक रांगेच्या शेवटी ढकलून देई.

ही गाळणी तयार होत असताना ईशानी दातार नावाची अभियंता मुलगी शहरातून शकुनबाईंच्या नाटक मंडळीकडे आली होती. भावनांचा अभ्यास करायचाय, म्हणाली. बाईंनी तिला पोटच्या पोराच्या प्रेतावर रडणारी आई करून दाखवली, सती जाणारी राणी करून दाखवली. मुलगी म्हणे, अजून ताणा, अजून वर न्या. बाईंना काय, तेच हवं होतं. धानाची कापणी झाली की गावोगावी मंडप पडत, हजारो माणसं तणसावर बसत, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या डोळ्यांतही पाणी आलं पाहिजे हा बाईंचा धर्म होता. एकदा पुण्याहून शिबिर घ्यायला आलेले एक दिग्दर्शक त्यांना म्हणाले होते, "बाई, फार भडक होतंय. आवाज खाली आणा, चेहरा मोकळा सोडा." बाईंनी मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच त्यांचीच अशी नक्कल केली की मंडळी पोट धरधरून हसली.

एके दिवशी सकाळी डोमाजी ऑर्गनच्या पट्ट्या पुसत बसले होते. बाईंच्या प्रत्येक रडण्याला त्यांच्याच ऑर्गनची साथ असे. पुसता पुसता त्यांचा हात थांबला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते बाकावरून खाली घसरले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पेटीकडे धावल्या आणि त्यांनी टाहो फोडला, "धाव गा बापा! माह्या धन्याले वाचव गा!"

पेटीवरचा दिवा पिवळा झाला. आतून गोड आवाज आला. हाक नोंदवली आहे, अभिनयाची शक्यता दाट आहे, कृपया रांगेत थांबा.

बाईंना काही कळेचना. त्यांनी ऊर बडवला, आवाज अजून चढवला. घाबरलेलं माणूस दुसरं करणार तरी काय? दिवा लाल झाला. तोच गोड आवाज म्हणाला, "आपला आवाज बनावट आक्रोशाच्या मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळतो."

बाईंच्या एकदम ध्यानात आलं. मूळ नमुना म्हणजे त्यांचाच आवाज. शाल-श्रीफळ घेऊन, हौसेने, ताणून ताणून दिलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते भोगत होते जमिनीवर पडलेले डोमाजी.

तेव्हा त्यांना तो पुण्याचा दिग्दर्शक आठवला, आणि आपण केलेली त्याची नक्कलही. त्यांनी तळहातात नखं रुतवली, छातीतला हुंदका गिळला आणि दूधवाल्याचा निरोप सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "माझे पती पडले आहेत. तोंड वाकडं झालं आहे. उजवा हात हलत नाही. गाडी पाठवा."

आयुष्यात पहिल्यांदाच बाई खोटं रडणं नव्हे, खोटं न रडणं करत होत्या. दिवा हिरवा झाला आणि गाडी निघाली.

डोमाजी वाचले. उजवा हात मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी शेजारची अंजिरा जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात आली. बाई व्हरांड्यात बसून ईशानीशी फोनवर बोलत होत्या, फोनचा स्पीकर चालू ठेवून. ईशानीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने कबूल केलं की खोट्या आक्रोशासाठी बाईंचे नमुने वापरले होते. तेव्हा हे सांगितलं नाही, ही आपली चूक, असंही ती म्हणाली.

"आन् खरा आक्रोश कोनाचा घेतला?" बाईंनी विचारलं.

"शहरातल्या रुग्णालयांतला," ईशानी म्हणाली. "तिथे लोक हळू रडतात." गाळणी आजच्या आज बंद करायला लावते, असं तिने रडवेल्या आवाजात सांगितलं.

बाईंनी फोन ठेवला आणि समोर पाहिलं. अंजिराच्या हातातला डबा कलला होता, वरण ओघळत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. श्रावणात तिच्या लेकीला साप चावला होता. अंजिराने पेटीपुढे टाहो फोडला, त्या आकांतात पेटी काय बोलली ते कुणाला ऐकूच आलं नाही, आणि गाडी फार उशिरा आली. नाल्याला पूर होता म्हणून उशीर झाला, असंच सगळे म्हणाले. अंजिरा लहानपणापासून बाईंच्या नाटकांना पहिल्या रांगेत बसत आलेली. लेकीच्या तिरडीपाशी ती रडली, तेव्हा तोच चढ, तोच तुटणारा सूर ऐकून बायका कुजबुजल्या होत्या, अगदी शकुनबाईंवानी रडते. आणि बाईंना, त्या वेळी, मनातल्या मनात बरं वाटलं होतं.

आता ते आठवून बाईंना स्वतःची शिसारी आली. त्यांना अंजिराकडे बघवेना.

अंजिरा रडली नाही. तिने डबा सावकाश खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग मी कसं रडाले पायजे होतं, बाई?"